तीन जलदूत आणि एक मुशी

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी आणणारी ‘जलदूत’ रेल्वेगाडी पन्नास वाघिणींची झाली, तेव्हा तिच्या एका खेपेत 25 लाख लिटर पाणी येत होते. जपानमध्ये ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात व्हेल शार्क ज्या टाकीत फिरतात, तिच्यात 75 लाख लिटर पाणी मावते. म्हणजे तीन जलदूत. अमेरिकेतल्या जॉर्जिया मत्स्यालयाच्या टाकीला तर नऊ खेपाही पुरणार नाहीत. लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या माणसाला हा हिशेब फोड करून सांगावा लागत नाही. ते पाणी खारे असते, त्यामुळे कोणाच्या तोंडचे पाणी पळत नाही, हे कबूल. पण एवढा समुद्र काचेआड उभा करूनही त्या माशाचे भले होते का? जॉर्जियात 2005 मध्ये तैवानहून आणलेले राल्फ आणि नॉर्टन हे दोन्ही नर 2007 मध्ये मेले. चुराउमीतला एक नर मात्र 1995 पासून पुढे पाव शतकाहून अधिक काळ जगला, आणि मत्स्यालयांचे समर्थक त्याचाच दाखला देतात. दाखला खोटा नाही, अपुरा आहे. इतक्या वर्षांत व्हेल शार्कचे एकही पिल्लू टाकीत जन्मलेले नाही, त्यामुळे तिथे दिसणारा प्रत्येक मासा समुद्रातून उचललेलाच असतो. मोठ्या पांढऱ्या शार्कची गत याहून वाईट. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे बे मत्स्यालयाने 2004 मध्ये एक पिल्लू 198 दिवस सांभाळून परत समुद्रात सोडले, तो मोठा पराक्रम ठरला. 2016 मध्ये ओकिनावात ठेवलेला मोठा नर तिसऱ्या दिवशी मेला.

तेव्हा दुर्मीळ मुशी, म्हणजे शार्क, मत्स्यालयात ठेवायची तर माझी अट एकच: तिची वीण तिथे झाली पाहिजे. ही अट अशक्य नाही. झेब्रा शार्क टाकीत सहज अंडी घालते. इंडोनेशियातल्या राजा अम्पातच्या समुद्रात ती जवळजवळ संपली होती. तिथे आता मत्स्यालयांतून विमानाने अंडी पाठवतात, पिल्ले वाढवतात, आणि 2023 पासून ती समुद्रात सोडली जात आहेत. इथे मत्स्यालय समुद्राचे देणे फेडते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 चे. राज्यात त्याच्या तोडीचे काही नवे उभे राहणार असेल, तर त्यात काचेचा बोगदा किती लांबीचा यापेक्षा अंडी उबवण्याची खोली आहे की नाही, हे आधी विचारावे. लहान बांबू शार्कच्या अंड्यामागे दिवा धरला की आत वळवळणारे पिल्लू दिसते. पोरे तिथून हलणार नाहीत.

लातूरसारख्या, समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलांनी शार्क पाहिलीच नाही, तर तिची कणव कशी येणार, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. आपल्याकडे ‘शार्क’ म्हणून घरच्या टाकीसाठी विकतात तो पंगस. शेततळ्यात वाढवून खायला विकतात तोच. तरी भारतातला अनुभव वेगळेच सांगतो. व्हेल शार्कला 2001 मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले, त्यामागे गुजरातच्या किनाऱ्यावरची तिची कत्तल दाखवणारा माइक पांडे यांचा माहितीपट होता. पुढे कथाकार मोरारी बापूंनी तिला ‘व्हाली’, म्हणजे माहेरी आलेली लाडकी लेक म्हटले, आणि जे मच्छीमार तिची शिकार करत तेच जाळी कापून तिला सोडू लागले. महाराष्ट्रातही संरक्षित जलचर सोडताना जाळे फाटले तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. यातल्या कशालाही टाकी लागली नाही. एका भव्य टाकीच्या खर्चात अशी किती जाळी भरून देता येतील, हे मोजायला लातूर जिल्ह्यातल्या करदात्यालाही हरकत नसावी. पैसा त्याचाही आहे.