एसी थंड करत नाही? गॅस भरायच्या आधी फिल्टर काढून बघा

एप्रिलची दुपार. रिमोटवर आकडा १८ दाखवतोय, खोली मात्र थंड व्हायचं नाव घेत नाही. मग फोन जातो एसीवाल्याला. तो येतो, बाहेरच्या युनिटला मीटर लावतो आणि सांगतो, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." दोन-तीन हजारांची नोट हातावर ठेवून आपण मोकळे होतो. महिनाभरानं परत तेच रडगाणं.

यातल्या कितीतरी वेळा गॅसचा काही दोष नसतो. दोष असतो एसीच्या पुढच्या झाकणामागं बसलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा, म्हणजे फिल्टरचा. तो गेल्या दिवाळीपासून कुणी काढून बघितलेलाच नसतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जाळीवर लेख कशाला? त्याचं कारण असं की एसी ही आता श्रीमंतांच्या घरातली वस्तू राहिलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी सांगितलं होतं की, एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मध्येच ठेवता येईल असा नियम आणायचा विचार आहे. २०२० पासून नवीन एसी चालू केला की तो मुळात २४ अंशांवर सुरू होतो, तोही सरकारी नियमच. किंमत, तापमान, स्टार या सगळ्यावर चर्चा झाली. फिल्टरवर कुणीच बोललं नाही. आणि घरात एसी आल्यानंतर आपल्या हातात राहतं ते हेच एक काम.

फिल्टर तुंबला की नेमकं होतं काय?

एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या युनिटमधला पंखा खोलीतली गरम हवा वरून ओढतो. ती जाळीतून जाते, मग थंड कॉइलवरून जाते आणि गार होऊन खाली येते. कॉइल थंड ठेवायचं काम बाहेरचा कॉम्प्रेसर करतो, आणि सगळ्यात जास्त वीज खातो तो हाच.

जाळीवर धूळ बसली की कॉइलवर हवा कमी पोचते. खोलीतली उष्णता उचलली जात नाही, रिमोटवरचा आकडा गाठला जात नाही, आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. इन्व्हर्टर एसी असला तरी सुटका नाही, तो जास्त वेळ जास्त जोरात चालत राहतो.

पुढची पायरी आणखी गमतीची. हवा कमी मिळाल्यामुळं कॉइलचं तापमान शून्याखाली जाऊ शकतं. मग हवेतलं बाष्प कॉइलवर बर्फ होऊन बसतं. बर्फानं वाट आणखी बंद होते. एसी बंद केला की तो बर्फ वितळतो आणि भिंतीवरून पाण्याची धार लागते. एसीतून पाणी गळतंय ही तक्रार बऱ्याचदा इथून किंवा तुंबलेल्या ड्रेन पाइपपासून सुरू होते.

आता मुद्दा असा की गॅस कमी झाला तरी कॉइलवर बर्फ जमतो आणि फिल्टर तुंबला तरी जमतो. लक्षणं सारखी, औषध वेगळं. म्हणून फिल्टर आणि कॉइल साफ केल्याशिवाय केलेलं गॅसचं निदान पक्कं धरू नका.

आणखी एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात ओतलेलं पाणी. एसीवाल्याला सरळ विचारा, "गळती कुठंय, दाखवा."

बिलात किती फरक पडतो?

अमेरिकेच्या ऊर्जा विभागानं ग्राहकांना दिलेल्या माहितीनुसार, तुंबलेला फिल्टर काढून स्वच्छ बसवला तर एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकतो. तो आकडा तिथल्या यंत्रणेचा आहे, आपल्याकडं नेमका तेवढाच फरक पडेल असं नाही. पण अंदाजासाठी मधला १० टक्के धरू.

समजा तुमचा एसी रात्रभरात ८ युनिट खातो. महिन्याचे झाले २४०. त्याचे १० टक्के म्हणजे २४ युनिट. तुम्ही म्हणाल, एवढेच?

इथं महावितरणच्या बिलाची रचना बघावी लागते. घरगुती दर टप्प्यानं चढतो: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्यापुढं चौथा. वाचलेले युनिट नेहमी वरच्या टोकाकडून कमी होतात. म्हणजे सगळ्यात महाग युनिट आधी वाचतात. घराचा वापर ३१० असेल आणि त्यातले २४ गेले, तर तुम्ही थेट ३०० च्या आत येता.

पाच स्टारचं स्टिकर बघून आपण जास्त पैसे मोजतो. पण ते स्टार प्रयोगशाळेत, स्वच्छ यंत्रावर तपासून दिलेले असतात. घरी आल्यावर ते टिकवायचे की घालवायचे, हे आपल्यावर आहे.

फिल्टर स्वच्छ असला की हवा शुद्ध होते का?

नाही. इथं सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

स्प्लिट एसी सहसा बाहेरची ताजी हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवत राहतो. आणि त्याची जाळी मोठी धूळ, केस, कापसाचे तंतू अडवते. तिचं मुख्य काम कॉइल वाचवणं हे आहे. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. ते या जाळीतून आरपार जातात. हिवाळ्यात मुंबई-पुण्यात हवा बिघडली की "आम्ही एसी लावून बसतो" म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सांगितली. भारताचं मानक ४० आहे. या बारीक कणांसाठी हेपा फिल्टर लागतो, जो एअर प्युरिफायरमध्ये असतो. तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. पण हा फिल्टर सहसा धुवायचा नसतो, मुदत संपली की बदलायचाच असतो. धुतला तर त्याचे तंतू खराब होतात आणि प्युरिफायर नुसता पंखा उरतो.

याचा अर्थ एसीच्या जाळीचा तब्येतीशी संबंध नाही असा नाही. कॉइल कायम ओली असते. ओल आणि धूळ एकत्र आली की बुरशीला घर मिळतं. एसी लावल्याबरोबर येणारा कुबट वास हीच खूण. घरात दम्याचं किंवा ॲलर्जीचं कुणी असेल, तर त्या वासावर सुगंधी स्प्रे मारू नका, कॉइल साफ करून घ्या. कोकणपट्टीतल्या दमट हवेत तर पावसाळ्यानंतर हे करायलाच हवं.

व्हॉट्सॲपवर फिरणारी एक भीती मात्र बाजूला ठेवा. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात जमलेल्या लोकांमध्ये लेजिओनेअर्स हा न्यूमोनियाचा प्रकार पसरला. अशा साथींचा संबंध मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमधल्या पाण्याशी जोडला जातो. घरातल्या स्प्लिट एसीला कूलिंग टॉवर नसतो.

धुवायचा की बदलायचा?

हे यंत्रावर ठरतं. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरात हीटर आणि एसी एकाच डक्टमधून चालतात. तिथं पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्टर असतो आणि तो साधारण एक ते तीन महिन्यांनी फेकून नवा घालतात. त्याला मर्व्ह नावाचा दर्जा असतो. आकडा जितका मोठा तितके बारीक कण अडतात. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर आला आणि आकाश नारिंगी झालं, तेव्हा मर्व्ह १३ ची चर्चा घराघरांत पोचली. पण पंख्याला झेपत नसलेला दाट फिल्टर घातला, तर तो तुंबलेल्या फिल्टरसारखाच त्रास देतो.

आपल्याकडच्या स्प्लिट एसीची जाळी धुवायची असते. जाळी फाटली किंवा वाकडी झाली तरच बदलायची. काही एसीत जाळीवर वेगळी बारीक पट्टी असते. ती धुवायची की बदलायची, ते माहितीपुस्तिकेत बघा.

आणि विदर्भाला हे नव्यानं शिकवायची गरज नाही. मार्च आला की नागपुरात कूलर माळ्यावरून खाली येतो आणि ताट्या नव्या बसतात. जुन्या ताटीत क्षार बसले की हवा गार येत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. कूलरचं पाणी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास त्यातच वाढतात.

करायचं कसं?

• एसी मेन स्विचवरून बंद करा. भक्कम स्टुलावर उभे राहा.
• पुढचं झाकण उचला, दोन्ही जाळ्या हलक्या हातानं ओढून काढा.
• आधी धूळ झटका, मग साध्या किंवा कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवा. गरम पाणी नको.
• सावलीत पूर्ण वाळवा. कडक उन्हात जाळी वाकडी होते.
• ओली जाळी बसवू नका. जाळीशिवाय एसी चालवू नका, धूळ थेट कॉइलवर बसते आणि मग जेट सर्व्हिसिंगचा खर्च येतो.

हंगामात दर दोन आठवड्यांनी एवढं करायचं. शेजारी बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला. भाड्याच्या घरात हे काम घरमालकाचं की भाडेकरूचं, यावर वाद घालत बसू नका. बिल तुम्ही भरताय ना? मग जाळीही तुमचीच.

कॉइलची सफाई आणि गॅसचं काम मात्र स्वतः करू नका. आजकालच्या बऱ्याच एसीत आर-३२ गॅस असतो, आणि तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. तिथं शिकलेला माणूसच हवा. फक्त त्याला फोन करायच्या आधी एकदा स्टुलावर चढा आणि झाकण उघडून बघा. राखाडी गोधडी दिसली, तर दुखणं बहुतेक तिथंच आहे आणि औषध तुमच्या नळाला आहे.