एआय येशूशी बोलता येतं, पण ती प्रार्थना म्हणायची का?

स्वित्झर्लंडच्या ल्युसर्न शहरात सेंट पीटर्स चॅपल नावाचं एक जुनं कॅथलिक चर्च आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये तिथे एक वेगळाच प्रयोग सुरू झाला. कन्फेशनच्या, म्हणजे पापनिवेदनाच्या छोट्या खोलीत जाळीमागे स्क्रीन बसवण्यात आला. खोलीत जाऊन बसलं की स्क्रीनवर येशूचा चेहरा दिसायचा. तुम्ही प्रश्न विचारायचा आणि तो उत्तर द्यायचा, तेही जवळपास 100 भाषांमध्ये. या येशूमागे अर्थातच आर्टिफिशियल इंटेलिजन्स, म्हणजे एआय होतं.

काही महिन्यांत तिथे सुमारे 900 संभाषणं नोंदवली गेली. लोकांनी प्रेम, एकटेपणा, युद्ध आणि मृत्यूनंतरच्या आयुष्याबद्दल विचारलं. चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांबद्दलही विचारलं. ज्यांनी अभिप्राय दिला, त्यांच्यापैकी जवळपास दोन तृतीयांश लोकांनी आपल्याला आध्यात्मिक अनुभव आल्याचं सांगितलं. काहींना मात्र ही नुसती गंमत वाटली, तर काहींनी चर्चच्या आत असं करण्यालाच आक्षेप घेतला.

हा प्रयोग ही काही एकटी घटना नाही. प्रार्थना, प्रवचन आणि पापक्षमा या गोष्टी माणसाकडून मशीनकडे सरकू शकतात का, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत ख्रिस्ती जगासमोर वारंवार येतोय.

हे नेमकं कधी सुरू झालं?

2017 मध्ये जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये धर्मसुधारणेची 500 वर्षं साजरी होत होती. तिथे एका प्रोटेस्टंट चर्चने 'ब्लेस यू-2' नावाचा रोबोट ठेवला होता. तो हात वर करून वेगवेगळ्या भाषांत आशीर्वाद द्यायचा. लोकांनी यावर चर्चा करावी, एवढाच त्यामागचा हेतू होता.

चॅटजीपीटी आल्यानंतर चित्र बदललं. 9 जून 2023 ला जर्मनीतल्याच फ्युर्थ शहरात 300 हून अधिक लोक एका उपासनेला जमले. जवळपास 40 मिनिटांच्या या उपासनेतलं प्रवचन आणि प्रार्थना मुख्यतः चॅटजीपीटीने तयार केल्या होत्या आणि स्क्रीनवरचे अवतार त्या बोलून दाखवत होते. शब्द ठीकठाक होते, पण त्यात जीव नव्हता, असं काही भाविकांचं मत पडलं.

त्याच वर्षी 'टेक्स्ट विथ जीझस' हे ॲप आलं. त्यात येशूशी आणि त्याच्या शिष्यांशी चॅट करता येतं. पैसे भरले तर सैतानाशीही!

एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेतल्या 'कॅथलिक आन्सर्स' या संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचा चॅटबॉट आणला. लोकांच्या शंकांना उत्तरं देणं हे त्याचं काम. पण लोकांनी त्याची परीक्षा घेतली, तेव्हा तो खरा धर्मगुरू असल्यासारखा पापक्षमा देऊ लागला. गेटोरेड या सरबताने बाप्तिस्मा दिला तर चालेल, असंही त्याने सांगितल्याचे स्क्रीनशॉट फिरले. संस्थेने काही दिवसांतच त्याचा धर्मगुरूचा वेश आणि 'फादर' ही उपाधी काढून घेतली. तो नुसता 'जस्टिन' झाला.

चर्चला एआय नकोच आहे का?

तसं नाही. व्हॅटिकनने फेब्रुवारी 2020 मध्येच 'रोम कॉल फॉर एआय एथिक्स' हा जाहीरनामा मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमसारख्या कंपन्यांसोबत मांडला होता. जून 2024 मध्ये पोप फ्रान्सिस जी-7 परिषदेत एआयवर बोलले. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी तर आपल्या नावाचा संबंधच एआयशी जोडला. औद्योगिक क्रांतीच्या काळात लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये कामगारांच्या प्रश्नावर पत्रक काढलं होतं. आज एआयमुळे तसंच आव्हान उभं आहे, असं त्यांनी सांगितलं.

पण याच पोपनी स्वतःचा एआय अवतार बनवायला साफ नकार दिला. कुणालाही साइटवर जाऊन 'पोप'ची भेट घेता येईल, असा तो प्रस्ताव होता. सप्टेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्यांनी ही गोष्ट सांगितली.

म्हणजे बायबलमधला संदर्भ शोधणं, भाषांतर करणं, एखादी शिकवण समजून घेणं यासाठी एआय वापरायला चर्चची फारशी हरकत नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा मशीन ऐकणाऱ्याच्या किंवा क्षमा करणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसतं.

मग प्रार्थना म्हणजे नेमकं काय?

इथे एक सोपा युक्तिवाद केला जातो: मशीनने लिहिलेले शब्द म्हणजे खरी प्रार्थना नव्हे. पण तो टिकत नाही. ख्रिस्ती लोक शतकानुशतकं दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रार्थना म्हणत आले आहेत. बायबलमधली स्तोत्रं आजही रोज म्हटली जातात. अँग्लिकन चर्चचं प्रार्थनेचं पुस्तक 1549 पासून आहे. शब्द उसने असले तरी म्हणणारा माणूस मनापासून म्हणत असेल, तर ती प्रार्थनाच असते. त्या न्यायाने कुणी एआयकडून चार ओळी लिहून घेतल्या आणि हात जोडून म्हटल्या, तर त्याला खोटी प्रार्थना म्हणता येणार नाही.

खरा फरक दुसरीकडे आहे. ख्रिस्ती समजुतीनुसार प्रार्थना कुणाशी तरी असते, आणि तिला शब्द लागतीलच असंही नाही. माणसाला काय मागावं हे कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्यातून त्याच्यासाठी विनंती करतो, असं संत पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात म्हणतो. चॅटबॉटचं काम मात्र शब्दांशिवाय सुरूच होत नाही. प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता येईल याचा तो अंदाज बांधतो. तुम्ही गप्प राहिलात, तर त्याच्यासाठी तुम्ही तिथे नसताच.

व्हॅटिकनने 28 जानेवारी 2025 ला 'अँटिक्वा एत नोवा' हा एआयवरचा सविस्तर दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात एक महत्त्वाचा इशारा आहे. बायबलमधल्या मूर्तींना तोंड होतं पण बोलता येत नव्हतं. एआय बोलतं, किमान बोलल्याचा भास तरी निर्माण करतं. म्हणून त्याला देवाच्या जागी बसवण्याचा मोह जास्त मोठा आहे.

फक्त धर्माचा प्रश्न आहे का?

नाही. ज्यांना धर्माशी देणंघेणं नाही, त्यांनीही लक्ष द्यावं असे दोन मुद्दे यात आहेत.

पहिला गुप्ततेचा. कॅथलिक धर्मगुरूने कन्फेशनमध्ये ऐकलेली गोष्ट बाहेर सांगितली, तर त्याच्यावर थेट बहिष्काराची शिक्षा आहे. चॅटबॉटवर असं कुठलंच बंधन नाही. वकील किंवा डॉक्टरशी बोलताना मिळतं तसं कायद्याचं संरक्षण चॅटजीपीटीला सांगितलेल्या गोष्टींना नाही, हे ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै 2025 मध्ये एका पॉडकास्टमध्ये मान्य केलं. त्याआधी मे महिन्यात एका खटल्यात अमेरिकी कोर्टाने या कंपनीला चॅटच्या नोंदी जपून ठेवायला सांगितलं होतं. युजरने डिलीट केलेले चॅटही त्यात आले. ल्युसर्नमध्येही लोकांना आत जाण्याआधी वैयक्तिक माहिती न देण्याची सूचना होती. थोडक्यात, मन मोकळं करण्याच्या खोलीत मन मोकळं करू नका, असं सांगावं लागलं.

दुसरा मुद्दा हो ला हो करण्याचा. एप्रिल 2025 मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं, कारण ते युजरची नको तेवढी री ओढत होतं. चांगला धर्मगुरू किंवा जुना मित्र वेळ आली की 'तुझं चुकलं, जाऊन माफी माग' असं सांगतो. युजरला खूश ठेवण्याकडे झुकणाऱ्या मशीनकडून ही अपेक्षा कशी ठेवणार?

मराठी ख्रिस्ती समाजाशी याचा काय संबंध?

मराठीत ख्रिस्ती प्रार्थनेची भाषा सहज तयार झालेली नाही. फादर स्टीफन्स यांनी ओवी छंदात लिहिलेलं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वळणाची ख्रिस्ती गीतं लिहिली. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' हा त्याच वाटेवरचा अलीकडचा टप्पा.

चॅटबॉट ज्या मजकुरावर शिकतात, त्यात इंग्रजीचा वाटा सर्वात मोठा असतो. त्यामुळे मराठीत प्रार्थना मागितली की पुष्कळदा इंग्रजी वळणाची मराठी हाती येते. कॅथलिक 'मिस्सा'ला जातात आणि प्रोटेस्टंट 'उपासने'ला, हे साधे भेदही त्यात पुसले जाऊ शकतात. नव्या पिढीने प्रार्थना मोबाइलवरूनच शिकली, तर 400 वर्षांत घडलेली ही भाषा तिच्यापर्यंत पोहोचेल का, हा प्रश्न उरतो.

पुढे काय?

ल्युसर्नचा प्रयोग ठरल्याप्रमाणे काही महिन्यांत संपला. असा येशू कायमचा बसवणार नाही, ती जबाबदारी फार मोठी आहे, असं प्रकल्पाशी जोडलेले धर्मतज्ज्ञ मार्को श्मिड यांनी सांगितलं. पण लोक मोकळेपणाने बोलले, हेही त्यांनी नोंदवलं.

चर्चने विचार करायचा तो यावर. मशीन कधीही उपलब्ध असतं, ओरडत नाही, घरी सांगत नाही, जात किंवा पगार विचारत नाही. म्हणून लोक तिकडे जातात. ॲपवर टीका करणं सोपं आहे. पण रात्री दोन वाजता ज्याला कुणाशी तरी बोलायचं आहे, त्याचा फोन उचलणारं माणूस परिसरात कोण आहे, याचं उत्तर चर्चकडे नसेल, तर ती व्यक्ती ॲपच उघडणार. आणि हे फक्त चर्चलाच लागू नाही.