सात वर्षांचा सब्र



दहावीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, पुढे नोकरीच्या मुलाखतीला स्कार्फ काढून जावं लागेल का?" तिला अमेरिकेतला एक खटला सांगितला.

२००८ साली टल्सा शहरात १७ वर्षांची मुलगी हिजाब घालून अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या बड्या कंपनीत मुलाखतीला गेली. गुण चांगले पडले, पण स्कार्फ दुकानाच्या नियमात बसेना, नोकरी नाकारली. सरकारच्या समान रोजगार आयोगाने तिच्यासाठी दावा लावला. खालच्या कोर्टाने कंपनीला दोषी धरले. ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचांनी, २०,००० डॉलर भरपाई ठरवली. कंपनी अपिलात गेली आणि २०१३ मध्ये जिंकली. का? तर सवलत हवी, हे मुलीने स्वतः सांगितले नव्हते!

आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. १ जून २०१५ रोजी ८ विरुद्ध १ मतांनी तो निकाल रद्द झाला. धर्मासाठी सवलत द्यावी लागेल म्हणून नोकरी नाकारणे हाच कायद्याचा भंग. ती बोलली की नाही, हा मुद्दाच नाही.

आपला कायदा वेगळा आहे. तरीही भगिनींनो, नकार मिळाला तर कारण विचारा, तारीख लिहून ठेवा. सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे.