आधी टेबल टेनिस आठवा

सांगली,
डिसेंबर 2025

रॉकस्टार गेम्स यांस,



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. तुमची ‘व्हाइस सिटी’ मी पहिल्यांदा खेळलो ती 2004 साली, सांगलीतल्या एका सायबर कॅफेत, तासाला पंधरा रुपये मोजून. त्यातला एकही रुपया तुमच्यापर्यंत पोचला नसणार, कारण त्या सीडीवर गेमचं नाव मार्करने लिहिलेलं होतं. त्याची भरपाई मी पुढे नोकरीला लागल्यावर केली. तुमचे गेम रीतसर विकत घेतले, काही तर दोनदोनदा. तेव्हा आता दोन शब्द सुनावण्याइतका हक्क मिळवला आहे असं धरून चालतो.

त्या कॅफेत खेळणारा एक असायचा आणि खुर्चीमागे उभं राहून अक्कल शिकवणारे चार. मिशनं कुणी फारशी पुरी केली नाहीत. संवाद कळायचे नाहीत, आणि रिमोटच्या हेलिकॉप्टरने बॉम्ब ठेवायचं ते मिशन तर आमच्यातल्या बहुतेकांनी शिव्या घालत अर्ध्यावर सोडलं. मग आम्ही करायचो काय? टॅक्सी पळवून भाडी मारायचो. स्कूटरवरून पिझ्झे पोचवायचो. ‘पॅन्झर’ टाइप करून आभाळातून रणगाडा उतरवायचो आणि समुद्रकाठच्या रस्त्यावरून निवांत फिरवायचो. तुमचा टॉमी व्हर्सेटी पाण्यात पडला की मरायचा. ज्या शहराच्या चारी बाजूंना समुद्र, त्या शहराच्या डॉनला पोहता येत नाही, याचं कृष्णेच्या घाटावरून उड्या मारणाऱ्या आम्हा पोरांना फार हसू यायचं. पण गेम सोडून कुणी उठत नव्हतं. तास संपला की पुढचे पंधरा रुपये कुणाच्या खिशात आहेत याची चाचपणी सुरू व्हायची.

आता तुम्ही पुन्हा त्याच शहरात नेणार आहात. ‘जीटीए सिक्स’ची तारीख आधी 2025 होती, मग 26 मे 2026 झाली, आणि गेल्या महिन्यात तुम्ही ती 19 नोव्हेंबर 2026 वर नेली. दोन ट्रेलर आले आहेत, डिसेंबर 2023 मध्ये एक आणि मे 2025 मध्ये दुसरा. एवढ्या शिदोरीवर तुमचे चाहते दोन वर्षं भांडताहेत. त्या भांडणाबद्दलच हे पत्र आहे.

भांडणात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष अ‍ॅनिमेशनवाल्यांचा. हे लोक ट्रेलर एकेक फ्रेम थांबवून बघतात. नव्या गेमचा नायक जेसन याच्या हातावरचे केस, बाटलीतल्या बिअरचे बुडबुडे, नायिका लुसिया वळते तेव्हा तिचं वजन आधी कुठल्या पायावर येतं, सगळ्याचा पंचनामा होतो. यांची मागणी अशी की माणसं माणसांसारखी चालली पाहिजेत, धक्का बसला तर माणसांसारखी पडली पाहिजेत. दुसरा पक्ष मिनीगेमवाल्यांचा. त्यांना विचारायचं आहे की पूल खेळता येईल का, बास्केटबॉल असेल का, व्यायामशाळा परत येणार का, की पुन्हा एकदा भलंमोठं शहर आणि निम्म्या दुकानांची दारं नुसती रंगवलेली? पहिला पक्ष दुसऱ्याला पोरकट म्हणतो. दुसरा पहिल्याला म्हणतो, तुम्हाला खेळायचं नाहीये, तुम्हाला सिनेमा बघायचाय. बोलिंगवर जाणारे महिने पडणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांवर खर्च करा, असा एकाचा सल्ला. ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’मधल्या आर्थर मॉर्गनसारखा ओल्या पोत्यागत वळणारा नायक नको, त्यापेक्षा ते पैसे बोलिंगला द्या, असं दुसऱ्याचं उत्तर.

हे भांडण फोल आहे, आणि ते फोल आहे हे जगात सगळ्यांच्या आधी तुम्हाला कळायला हवं. कारण 2006 साली तुम्ही एक गेम काढला होता. त्यात ना शहर होतं, ना गाड्या, ना गोळीबार. एक टेबल, दोन खेळाडू, एक पांढरा चेंडू. ‘टेबल टेनिस’. गुन्हेगारीच्या गेमसाठी गाजलेल्या कंपनीला हे काय सुचलं म्हणून तेव्हा लोक चक्रावले होते. पण ज्या ‘रेज’ इंजिनावर पुढे ‘जीटीए फोर’चं लिबर्टी सिटी उभं राहिलं, आर्थरचा घोडा धावला, ‘जीटीए फाइव्ह’चं लॉस सँटोस वसलं, ते इंजिन सर्वांत आधी लोकांसमोर आलं ते या टेबल टेनिसमधून. खेळाडू कसा झुकतो, बॅट कशी फिरवतो, लांबलेल्या रॅलीत त्याचा शर्ट घामाने कसा भिजत जातो, एवढंच त्यात बघण्यासारखं होतं आणि तेवढं पुरत होतं. दुसऱ्या कुठल्या गेमात जो कोपऱ्यातला मिनीगेम ठरला असता, त्याच्यावर तुम्ही तुमच्या अ‍ॅनिमेशनचा पाया घातलात. चाहते आज ज्यांना दोन टोकं समजतात, ती तुमच्याकडे एकाच टेबलावर जन्मली.

त्यानंतरचा हिशेब मांडतो. चुकलं तर सांगा.

2008 चं ‘जीटीए फोर’. त्यात तुम्ही ऑक्सफर्डच्या नॅचरलमोशन कंपनीचं ‘युफोरिया’ तंत्र आणलं. तोवर जीटीएमध्ये पात्र पडायचं म्हणजे आधी तयार ठेवलेली पडण्याची हालचाल चालवली जायची, पायरीवरून पडा नाहीतर गच्चीवरून. युफोरियात शरीराचे स्नायू आणि तोल यांचं गणित त्याच क्षणी मांडलं जायचं. धक्का लागलेला माणूस आधी सावरू बघायचा, हात पुढे करायचा, मगच कोसळायचा. दारू प्यालेला नायक निको बेलिक असा चालायचा की शेजारी बसलेल्या माझ्या आईने एकदा विचारलं, याला कुणी घरी सोडत का नाही? बोलिंग, डार्ट्स, पूलही त्याच गेमात होते. पण नेमकी गोळीबारातून जीव वाचवत पळताना निकोच्या चुलतभावाचा, रोमनदादाचा फोन यायचा, चल बोलिंगला! तो चेष्टेचा विषय झाला. बोलिंग वाईट नव्हतं. न मागता गळ्यात पडणारी करमणूक कुणालाच नको असते.

2013 चं ‘जीटीए फाइव्ह’. गोल्फ दिलात, नऊ होलचं मैदान दिलंत, टेनिस दिलात. योगासनंसुद्धा दिलीत, बटणं दाबून करायची. आम्हा भारतीयांना ते बघून काय वाटलं ते इथे लिहीत नाही. पण पूल गेला, बोलिंग गेलं, आणि पडणारी माणसं पुन्हा ताठ झाली. दोन्ही पक्षांचे चाहते आजही ‘फोर’चं नाव काढून उसासे टाकतात, ते यामुळे. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या आणि एकत्रच आटल्या.

मग 2018 चं ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’. तुमचं सर्वांत देखणं काम, आणि हातांना सर्वांत जड. आर्थर कपाटाचा एकेक खण उघडतो, एकेक डबा उचलून पिशवीत टाकतो. हरणाचं कातडं सोलतो ते सावकाश, पहिल्यांदाही आणि पन्नासाव्यांदाही. स्वतःच्या तळावर तुम्ही त्याला पळूही देत नाही. बटण दाबल्यावर त्याचं शरीर आधी तयारी करतं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेतं आणि मग वळतं. बघणाऱ्याला ते खरं वाटतं. खेळणाऱ्याला वाटतं, आपण सांगतोय ते हा ऐकत नाहीये. समोरून गोळ्या येत असताना हा फरक फार महाग पडतो.

पण त्याच गेमात आर्थर पोकरच्या टेबलावर बसला की सगळं बदलतं. तो पत्त्यांचे कोपरे अंगठ्याने हळूच उचलून बघतो. समोरचा खुर्चीत सरकतो, चिपा पुढे ढकलतो. टेबलावर पंजा पसरून बोटांच्या मधून सुरी नाचवायच्या खेळात छातीचा ठोका चुकतो. डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर टेकल्या की आवाज कानाला गोड लागतो. अगदी तोच संथपणा, तेच वजन. खण उघडताना त्याने जीव नकोसा केला होता, इथे तो हवाहवासा वाटतो.

असं का, हे समजायला आम्हाला लांब जावं लागत नाही. गणपतीच्या मांडवामागे रात्री कॅरम चालतो. स्ट्रायकर लावून, बोट टेकवून, एक डोळा बारीक करून पोरगा अर्धा मिनिट नुसता रोखून बघत बसतो. त्याला कुणी ‘आटप’ म्हणत नाही. तो अर्धा मिनिट हाच खेळ आहे. त्याच पोराला मांडवात शॉर्टसर्किट झाल्यावर मेन स्विच बंद करायला पाठवला आणि तो तिथेही तसाच डोळा बारीक करत उभा राहिला, तर त्याच्या पाठीत धपाटा बसेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. घाईच्या जागी हाताचं ऐका आणि निवांतपणाच्या जागी डोळ्याचं. पाठलाग, चकमक, वळण, उडी, दार, खण, इथे जेसन आणि लुसियाने बटणाबरोबर हललं पाहिजे, मग त्यांचा पाय जमिनीवर थोडा घसरलेला दिसला तरी चालेल. तुमच्या कलाकारांचं खरं कसब खर्च करायचं ते पूलच्या टेबलावर, मासे धरायच्या गळावर, नाचाच्या फरशीवर. खडू लावताना काठी कशी धरतो, हरल्यावर लुसिया जेसनकडे कशी बघते, तीन बिअरनंतर नेम कसा चुकतो. माणूस कसा आहे हे तो रिकामा असताना जास्त कळतं. ‘जीटीए सॅन आंद्रेआस’चा नायक सीजे 2004 चा, त्याच्या हालचाली आज लाकडी वाटतात. पण बर्गर खाऊन सुटलेला आणि व्यायामशाळेत घाम गाळून परत बारीक झालेला सीजे आम्हाला सख्ख्या भावासारखा आठवतो, आणि ते मिशनांमुळे नव्हे. शिवाय त्याला पोहता येत होतं.

दुसरी विनंती पैशांची आहे. 2019 साली तुम्ही ‘जीटीए ऑनलाइन’मध्ये कसिनो उघडलात. तिथल्या चिपा गेममधल्या डॉलरांनी घ्यायच्या, आणि ते डॉलर खऱ्या पैशांनी विकत मिळतात. अनेक देशांत तुम्हाला तो जुगार बंद ठेवावा लागला. आमच्याकडे मोबाइलवरच्या रमीने कुणाकुणाच्या पगाराचं काय झालं ते घरोघरी ठाऊक आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तो उगाच नाही. तेव्हा व्हाइस सिटीत पूल ठेवा, पोकर ठेवा, पण हरलो तर फक्त जेसनचा खिसा हलका होऊ दे. आणि बक्षीस, बॅज, ‘रोज या आणि गुण मिळवा’ असली आमिषं तर अजिबात नकोत. हजेरी लावायला आम्हाला ऑफिस आहे.

शेवटी, ज्यांच्या हातून हे सगळं व्हायचं त्यांच्याबद्दल. सप्टेंबर 2022 मध्ये तुमच्या अर्धवट गेमचे सुमारे नव्वद व्हिडिओ चोरीला जाऊन पसरले, तेव्हा कच्च्या हालचाली बघून नावं ठेवणाऱ्यांत आमच्यातलेही पुष्कळ होते. मग इतर कंपन्यांच्या लोकांनी आपापल्या गाजलेल्या गेमांचे कच्चे व्हिडिओ दाखवले आणि आम्ही गप्प बसलो. गळाची दोरी ताणली गेल्यावर मनगट किती वळावं हे ठरवायला कुणाचे तरी आठवडे जातात, हे तेव्हा नीट कळलं. त्यातले काही हात बंगळुरूतले आहेत. 1997 पासून चाललेला तिथला ‘ध्रुव इंटरअ‍ॅक्टिव्ह’ स्टुडिओ 2019 मध्ये तुम्ही घेतलात आणि ‘रॉकस्टार इंडिया’त मिळवलात. ‘रेड डेड’ बाहेर पडताना तुमचे सहसंस्थापक डॅन हाउझर आठवड्याला शंभर तासांच्या कामाबद्दल बोलून गेले, आणि मग ते फक्त आपल्या चौघा लेखकांपुरतं होतं असा खुलासा त्यांना करावा लागला. यंदा ऑक्टोबरअखेर ब्रिटन आणि कॅनडातल्या तीसहून अधिक जणांना तुम्ही काढलंत. त्यांनी गोपनीय माहिती फोडली असं तुम्ही म्हणता, संघटना बांधत होते म्हणून काढलं असं संघटना म्हणते. सांगलीत बसून मी त्याचा निवाडा करू शकत नाही. पण रात्र रात्र जागून, नोकरीची धास्ती घेऊन काम करणाऱ्या माणसाकडून निवांतपणाचं अ‍ॅनिमेशन काढून घ्यायचं म्हणजे उपाशी आचाऱ्याला जेवणावळ सांगण्यासारखं आहे.

म्हणून तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली तरी माझी तक्रार नाही. तेवढी पूलची काठी नीट धरायला लावा, बटण दाबलं की जेसनला लगेच वळू द्या, आणि ज्यांनी हे केलं त्यांना संध्याकाळी वेळेत घरी सोडा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तुमच्या शहरात टॅक्सी चालवलेला एक सांगलीकर