मैदान कुणाच्या मालकीचं?
पेण-रोह्याकडे कबड्डीचा एखादा संघ स्पर्धेतून बाहेर पडला, तरी मैदान गावातच राहतं. मोबाइलवर खेळणाऱ्या व्यावसायिक संघांना हा आधार नाही, कारण तिथं मैदानच खेळ चालवणाऱ्या कंपनीचं. ‘पबजी मोबाइल वर्ल्ड लीग’च्या पूर्व विभागाची अंतिम फेरी ऑगस्ट 2020 मध्ये ऑनलाइन झाली आणि भारताचा ‘ऑरेंज रॉक’ संघ चक्क दुसरा आला. महिना उलटायच्या आत, 2 सप्टेंबरला, केंद्र सरकारनं 118 अ‍ॅपवर बंदी घातली. त्यात पबजी मोबाइलही होतं. वर्षअखेरीच्या जागतिक स्पर्धेत मग भारतीय संघ दिसलेच नाहीत, तेही कुणाकडून न हरता! उलट 2023 मध्ये ‘ओव्हरवॉच लीग’ या संगणकावरच्या खेळाच्या स्पर्धेतल्या संघांनी स्वतःच कौल देऊन लीग सोडली, तेव्हा प्रत्येक संघासाठी 60 लाख डॉलरची भरपाई ठरलेली होती. संघमालकाला मिळतं तसं संरक्षण खेळाडूलाही मिळालंच पाहिजे. 2025 च्या केंद्रीय कायद्यानं ई-स्पोर्ट्सला खेळाचा दर्जा दिला आहे. आता लीग बंद पडली किंवा संघानं माघार घेतली, तर खेळाडूला किमान सहा महिन्यांचं मानधन देणं करारात सक्तीचं करावं. रोह्यातल्या विशीच्या पोरानंही सही करण्याआधी पगाराच्या आकड्याबरोबर हे कलम शोधावं, आणि नसेल तर मागून घ्यावं.