आधी फ्यूज पाहा, मग पाकीट उघडा



परतीच्या पावसात माण-खटाव काय नि जत-आटपाडी काय, काळ्या रानातली वाट पाय उचलू देत नाही. गेल्या हंगामात कापसाची बोचकी भरलेली आमची जुनी पिकअप तिथेच रुतली. फोर व्हीलचे बटण फिरवले. दिवा नुसता लुकलुकला, पुढची चाके ओढेनात. गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितले, "कॉम्प्युटर गेला, बदला." माल न पाहता भाव पाडतात, तसाच हा प्रकार! शेवटी निघाले काय? अर्थिंगच्या वायरीला गंज. पॉलिश पेपरने घासली, नट आवळला, काम झाले.

म्हणून क्रम पाळा. आधी बॅटरी, फ्यूज, रिले. मग चिखलाने भरलेले सॉकेट आणि अर्थिंग. मग बटण फिरवताना गाडीखालच्या मोटरचा आवाज येतो का, ते ऐका. 'लो' टाकायला बहुतेक गाड्या थांबवून न्यूट्रलमध्ये घ्याव्या लागतात, हेही ध्यानात ठेवा. मोठ्या सामानाची गोष्ट त्यानंतर.

जुन्या जीपला दांडा होता; बिघाड हाताला लागायचा. आता तो तारेत लपला. तार वाईट नाही, तिची माहिती दडवणे वाईट. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत शेतीची अवजारे आणि मोटारीही होत्या. पण समिती नेमली म्हणून हक्क पदरात पडत नाही, तो मागावा लागतो. वायरिंगचा नकाशा मागा. बदललेला जुना पार्ट परत मागा. गाडी आपली, पैसा आपला. मग तिची विद्या परक्याच्या मुठीत का?