'गणेशपुरी माहिती मराठी' : विभक्ती गमावलेल्या गद्याविषयी

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी एकदा साधे लेखनकार्य दिले होते : आपल्या परिसरातील एखाद्या स्थळाविषयी दोन पाने लिहून आणा. भिवंडी तालुक्याच्या उत्तर भागातून येणाऱ्या मुलामुलींनी साहजिकच गणेशपुरी निवडली. तानसा नदीचा काठ, भीमेश्वराच्या देवळाजवळची गरम पाण्याची कुंडे, १९६१ साली देह ठेवलेल्या नित्यानंदांची समाधी, पलीकडे वज्रेश्वरीचे देऊळ : हे सारे त्यांच्या पायाखालचे. त्यामुळे पाठ्यपुस्तकाबाहेरचे काही वाचायला मिळेल, अशी माझी अपेक्षा होती. हाती आले ते सात निबंध, आणि सातांचेही पहिले वाक्य जवळजवळ एकच : गणेशपुरी हे महाराष्ट्रातील एक प्रसिद्ध पर्यटनस्थळ आहे. दोघांनी तर शेवटी 'ही माहिती आवडल्यास मित्रांना नक्की पाठवा' असेही स्वहस्ते लिहून दिले होते.

त्यांपैकी एकीची आजी सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे कुंडावर स्नानाला जाते, हे मला ठाऊक होते. आजीविषयी का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "सर, शोधलं तर हेच पहिलं येतं." तिच्या उत्तरात उद्धटपणा नव्हता, आळसही नव्हता. जे पहिले येते तेच लिहिण्याजोगे असते, ही तिची प्रामाणिक समजूत होती. ही समजूत तिला कोणी दिली, आणि ती देण्यात आपला, म्हणजे मराठी लिहिणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा, वाटा किती, हा या लेखाचा विषय आहे.

आता दुसरी बाजू पाहू. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी या पट्ट्याविषयी एक छोटे संकेतस्थळ चालवतात. वसईच्या मोहिमेच्या वेळी चिमाजी अप्पांनी देवीला केलेला नवस, १७३९च्या विजयानंतर त्यातून उभे राहिलेले देऊळ, कुंडांविषयी जुन्या माणसांच्या तोंडी असलेले शब्द असे पुष्कळ काही त्यांनी निगुतीने नोंदवले आहे. संकेतस्थळाला वाचक मिळेनात, तेव्हा त्यांनी शोधयंत्रात वरचा क्रमांक मिळवून देणाऱ्या एका सल्लागाराला गाठले. या व्यवसायाला 'एसईओ' म्हणतात. सल्लागाराने वहीभर सूचना दिल्या. लेखाचे शीर्षक 'गणेशपुरी माहिती मराठी' असे हवे. तोच शब्द पहिल्या वाक्यात, उपशीर्षकांत आणि चित्राखाली हवा. उपशीर्षके प्रश्नार्थक हवीत : गणेशपुरी कोठे आहे? गणेशपुरीला कसे जावे? आणि मुख्य म्हणजे गावाच्या नावाला शक्यतो प्रत्यय लावू नये. गुरुजींनी चिडत, कुरकुरत हे सारे केले. काही महिने वाचक वाढले. मग शोधयंत्राने आपले निकष बदलले आणि ते पुन्हा दिसेनासे झाले. का, हे विचारायला दार नव्हते आणि दारावर माणूसही नव्हता.

गुरुजींचा संताप मला समजतो; आंतरजालावर स्वतःचे पान राखणाऱ्या प्रत्येकाचा तो संताप आहे. परंतु आपण रागावतो ते चुकीच्या गोष्टीवर, असे माझे म्हणणे आहे. क्रमांक गेला याचे दुःख मोठे नाही. क्रमांकासाठी आपण विभक्ती देऊन बसलो, हे दुःख मोठे आहे.

हे अलंकारिक विधान नव्हे. मराठी ही प्रत्ययांची आणि सामान्यरूपाची भाषा आहे. गणेशपुरीत, गणेशपुरीहून, गणेशपुरीच्या : नाव तेच, पण नात्यागणिक त्याचे रूप बदलते. इंग्रजीच्या सवयीवर वाढलेल्या शोधयंत्रांना ही रूपे एका शब्दाची आहेत हे ओळखणे बराच काळ जड गेले. आज ती पुष्कळ सुधारली आहेत. सल्लागारांची वही मात्र जुनीच राहिली आहे. तिच्यातून एक नवी वाक्यरचना जन्माला आली : महात्मा फुले माहिती मराठी, वाढदिवस शुभेच्छा मराठी, माझी शाळा निबंध मराठी. तीन-चार नामे शेजारी उभी असतात. त्यांच्यात ना क्रियापद, ना प्रत्यय, ना समासाचे बंधन. शोधणाऱ्याने अशी तुटक रचना करावी हे समजण्यासारखे आहे. तो घाईत असतो. पण लिहिणाराही शोधणाऱ्याच्या घाईतच लिहू लागला, तेव्हा नात्यांविना नावे उरली. विभक्ती म्हणजे वाक्यातल्या वस्तूंचा परस्परसंबंध. तो संबंध सांगणे ज्याला अनावश्यक वाटते, त्याच्या गद्यात विचार कोठून यावा?

यावर कोणी म्हणेल की यंत्राने मराठीवर अन्यायच केला, मग दोष मराठीला का? अन्याय झाला हे खरेच. पण त्याचा इतिहास नीट सांगितला पाहिजे. देवनागरीला युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, स्थान मिळाले होते. तरीही पुढची कित्येक वर्षे मराठी वृत्तपत्रे आणि प्रकाशने आपापल्या खास टंकांतच आंतरजालावर लिहीत राहिली. पडद्यावर देवनागरी दिसे. आत मात्र रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा असे. कोणत्याही शोधयंत्राला तो मजकूर मराठी म्हणून वाचता येणे अशक्यच होते. एका पिढीचे अग्रलेख आणि परीक्षणे शोधाच्या कक्षेबाहेर राहिली, ती कोणाच्या कटामुळे नव्हे, तर आपल्या अनास्थेमुळे. आजही 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी साठवला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या शोधात एक सापडतो आणि दुसरा निसटतो. ऱ्हस्वदीर्घावरून भांडणे करणाऱ्या आपल्या विद्वज्जनांनी या प्रश्नावर किती शाई खर्च केली?

दुसरा इतिहास पैशाचा आहे. गूगलच्या दोन संस्थापकांनी १९९८ साली, स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थी असताना, जो शोधनिबंध प्रसिद्ध केला त्यातच त्यांनी बजावले होते की जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतः जाहिरातदारांकडे झुकेल आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जाईल. पुढे त्यांनी उभारलेला व्यवसाय जाहिरातींवरच वाढला. भारताच्या स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल २०१८ साली या कंपनीला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. शोधाच्या बाजारातील मक्तेदारी तिने बेकायदेशीर मार्गांनी टिकवल्याचा निर्णय अमेरिकेतील न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये दिला. दरम्यान निकष बदलत राहिले : २०११चा 'पांडा' उथळ मजकुरावर होता, २०१२चा 'पेंग्विन' बनावट दुव्यांवर. प्रत्येक नियम मागच्या नियमाने जन्माला घातलेली लबाडी निस्तरण्यासाठी आला आणि नव्या लबाडीला जन्म देऊन गेला. या शर्यतीत ज्याच्यापाशी पगारी माणसे आहेत तो तगतो. गुरुजींसारखा एकटा माणूस दमतो. म्हणून गणेशपुरी शोधणाऱ्याला खोल्यांचे आरक्षण आधी दिसते आणि चिमाजी अप्पांचा नवस नंतर, दिसलाच तर.

तरीही हा लेख केवळ गूगलविरोधी तक्रार म्हणून वाचला जाऊ नये. त्याच १९९८च्या निबंधात एक मूलभूत कल्पना आहे आणि ती साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीची वाटावी. एखाद्या पानाकडे इतर किती पाने, आणि किती प्रतिष्ठित पाने, निर्देश करतात यावरून त्या पानाचे मोल ठरवावे, ही ती कल्पना. ती आली विद्वानांच्या संदर्भ देण्याच्या रिवाजातून. दुवा म्हणजे तळटीपच. आता मराठीतील साहित्यविषयक संकेतस्थळे उघडून पाहा. एका समीक्षकाचा लेख दुसऱ्याच्या लेखाशी वाद घालतो, पण त्याचे नाव घेत नाही. नाव घेतले तर दुवा देत नाही. 'काही टीकाकारांचे मत असे आहे की' या मोघम वाक्प्रयोगावर आपली अर्धी समीक्षा उभी आहे. दुसऱ्याचा दुवा देणे म्हणजे त्याची फुकट जाहिरात करणे, असे मानणारे चालक मी पाहिले आहेत. ज्यांनी एकमेकांची नोंद घेतली नाही, त्यांची नोंद यंत्राने घेतली नाही म्हणून त्यांनी गळा काढावा, हा मला दांभिकपणा वाटतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा विकणारे मात्र एकमेकांना इमानेइतबारे दुवे देत होते.

आपल्याकडे सूची करण्याची परंपरा नव्हती काय? शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढे १९५०पर्यंत आणली. तिच्यात कोणाला वरचा क्रमांक विकत मिळत नव्हता. गाजलेल्या कादंबरीला जेवढी जागा, तेवढीच विस्मृत पोथीवजा पुस्तकाला. दात्यांची नोंद वाचकाला सांगते की हे अस्तित्वात आहे. ते चांगले की वाईट, हे वाचकाने वाचून ठरवायचे. शोधयंत्राचा क्रम वाचकाच्या वतीने आधीच ठरवून टाकतो. या दोन वृत्तींतला फरक हा वाचकाकडे माणूस म्हणून पाहण्याचा आणि गिऱ्हाईक म्हणून पाहण्याचा फरक आहे.

'पण लेखकाला वाचक नको का?' हा आक्षेप रास्त आहे. न सापडणारे लेखन मेल्यात जमा, हे मलाही मान्य आहे. अचूक युनिकोड, नेमके शीर्षक, लेखकाचे नाव, तारीख, स्थलनामांचे पर्याय आणि प्रामाणिक दुवे हे सारे करावे. ही चांगल्या संपादनाचीच अंगे आहेत. सीमारेषा त्यापुढे आहे. ज्या क्षणी एखादे वाक्य वाचकासाठी नव्हे तर यंत्रासाठी लिहिले जाते, त्या क्षणी लेखकाने वाचकाचा विश्वासघात केलेला असतो. 'चला तर मग जाणून घेऊया' हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाने कोणत्याही मराठी माणसाला सहज बोलताना उच्चारलेले नाही. ते केवळ जागा भरते.

आता तर २०२४पासून भारतातही निकालांच्या माथ्यावर यंत्राने रचलेला सारांश दिसू लागला आहे. तो वाचून माणूस मूळ पानावर जाईलच असे नाही. म्हणजे ज्या बक्षिसासाठी गद्याचे हाल केले, ते बक्षीसही काढून घेतले जात आहे. आणि सारांश रचला जातो तो उपलब्ध मजकुरातून. आपण भरून ठेवलेले 'माहिती मराठी' हेच त्याचे खाद्य. उद्या यंत्र वाईट मराठी लिहू लागले तर ते आपल्याच पानांवरून शिकलेले असेल.

म्हणून संकेतस्थळचालकांना माझे सांगणे एवढेच : क्रमांकाची याचना थांबवा आणि एकमेकांना वाचा, नाव घेऊन वाद घाला, दुवे द्या. मराठीच्या विभागांनी आपापल्या तालुक्यातील जालीय लेखनाची एक साधी, निर्लेप सूची करावी आणि दर वर्षी ती तपासावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका सत्राचे ते काम आहे. त्याला अनुदान लागत नाही. आणि शिक्षकांनी निबंधाचे विषय असे द्यावेत की ज्यांचे उत्तर शोधून सापडणार नाही. मी ते सातही निबंध परत केले आणि सांगितले की पहिल्या वाक्यात 'गणेशपुरी' हा शब्द प्रत्ययासहित यावा. त्या मुलीचे नवे पहिले वाक्य होते, "आजी गणेशपुरीहून आली की तिच्या लुगड्याला दिवसभर गंधकाचा वास येतो." कोणत्याही शोधयंत्रात ते पहिले येणार नाही. माझ्या वहीत त्याला पहिला क्रमांक आहे.